इम्प्रोव्हायझेशन: आधी काय धरायचं ते ठरव, मग सोड

अमळनेरहून एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "मॅडम, माझं कथक मध्यमा पूर्ण झालंय. यंदा कोरिओग्राफीच्या कोर्सला प्रवेश घेतला. सर गाणं लावतात आणि म्हणतात, 'इम्प्रोव्हाइज करा.' मी एकतर जागच्या जागी थिजते, नाहीतर तेच चार हात पुन्हा पुन्हा करत राहते. वर्गातल्या बाकीच्यांना पटापट सुचतं. हे उपजत असतं का? घरी एकटीने सराव कसा करायचा? आणि त्यातून नाच बसवायचा कसा?"

इम्प्रोव्हायझेशन, म्हणजे आधी न बसवता तिथल्या तिथे सुचेल तसं नाचणं, उपजत नसतं, शिकता येतं. तू थिजतेस कारण तुझ्यासमोर सगळंच एकदम मोकळं सोडलेलं असतं. ताल कोणता, किती वेळ नाचायचं, जागा किती वापरायची, कशाबद्दल नाचायचं, यातलं काहीच ठरलेलं नसेल तर आयुष्यभर नाचलेला माणूसही अडखळतो. अनुभवी नर्तक उभा राहताना मनातल्या मनात काहीतरी घट्ट धरतो आणि मगच उरलेलं सोडतो. काय धरायचं आणि काय सोडायचं हे ठरवता येणं, हेच शिकायचं आहे. देशोदेशीच्या नृत्यकारांनी काढलेल्या पद्धती मी जशा शिकत गेले तशा मला त्या याच एका गोष्टीच्या तऱ्हा वाटत गेल्या. आपल्या खानदेशातले नाचही याच वाटेने चालतात, म्हणून सुरुवात घरापासून करू.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपली देवी कानबाई बसते आणि सोमवारी तिचं विसर्जन होतं. त्या मिरवणुकीत कानबाई डोक्यावर घेऊन नाचणाऱ्या बाईकडे पुढच्या वर्षी नीट बघ. डोकं आणि मान तिला हलवता येत नाही. ते काम पक्कं. बाकी गुडघे किती वाकतील, पाऊल किती लांब पडेल, कंबर कुठे वळेल, हे सगळं तिथल्या तिथे ठरत असतं. वाजवणाऱ्यांनी लय चढवली की तिची टाच बदलते. पुढची गर्दी अडली की ती जागेवरच गिरकी घेते. कुणी तिला शिकवायला गेलेलं नाही आणि ती काही बसवूनही आलेली नाही. डोकं स्थिर ठेवायचं एवढं एक पक्कं असल्यामुळे उरलेल्या शरीराला "आता काय करू" हा प्रश्नच पडत नाही.

घरी हेच करून बघ. डोक्यावर घडी घातलेली चादर ठेव, पाण्याचा तांब्या नको. तीन मिनिटांचा अलार्म लाव आणि खोलीत फिर. चादर पडू द्यायची नाही एवढाच नियम. पहिलं मिनिट तू फक्त चालशील. दुसऱ्या मिनिटात कंटाळा येऊन कंबर नाहीतर खांदा काहीतरी मागायला लागेल. तिसऱ्या मिनिटात जे होईल ते बघण्यासारखं असतं, म्हणून दीड मिनिटात थांबू नकोस.

नंदुरबारच्या बाजूला सातपुड्यात, अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची होळी प्रसिद्ध आहे. रात्रभर ढोल चालतो. अंग रंगवलेले, कमरेला घुंगरू आणि सुके भोपळे बांधलेले बुध्या-बावा नाचतात, माणसं गोल धरतात. पाऊल तेच. बदलतो तो गोलाचा श्वास: तो आवळतो, फैलावतो, ढोल जवळ आला की त्या बाजूला झुकतो. पाऊल धरलंय आणि माणसामाणसांमधलं अंतर सोडलंय. समूहनृत्य बसवणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा तरी उभं राहून पाहावं. इथे एक गोष्ट मनापासून सांगते. बुध्या होणं हे व्रत आहे, त्याची पथ्यं पाळावी लागतात. युवक महोत्सवात टाळ्या मिळतील म्हणून ते भोपळे आणि तो टोप उचलून आणू नका. त्या नाचाची रचना कशी चालते ते शिका. वेश त्यांचा त्यांच्याकडे राहू द्या.

आता तुझ्या कथककडे येऊ. वर्षानुवर्षं तू इम्प्रोव्हायझेशनच्या शेजारीच बसलेली आहेस. विलंबित लयीतली उपज म्हणजे दुसरं काय? लेहरा (तालाबरोबर फिरत राहणारी धून) आणि तीनतालाच्या सोळा मात्रा धरलेल्या, पायातले बोल सोडलेले. पण परीक्षेच्या तयारीत आपण बहुतेक वेळा उपजही पाठ करतो, त्यामुळे तो दरवाजा उघडा असूनही दिसत नाही. तो उघडायला तिहाई (एकच तुकडा तीनदा करून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर संपवणं) फार कामाची आहे. पहिल्या मात्रेपासून उठलीस तर पुढची सम धरून सतरा मात्रा मिळतात. पाच मात्रांचा तुकडा, एक मात्रा दम (थांबा), पुन्हा पाच, एक दम, पुन्हा पाच. झाल्या सतरा, आणि शेवटची मात्रा बरोबर समेवर. खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून उठलीस तर सम धरून नऊ मात्रा: तीन-तीन-तीन, मध्ये दम नाही. हे गणित तुला येतंच. आता त्यातले बोल काढून टाक. पहिल्या पाच मात्रांत काहीही होऊ दे: कोपराचा झटका, मागे टाकलेलं पाऊल, नुसता श्वास. नियम एवढाच की पहिल्यांदा जे झालं तेच आणखी दोनदा व्हायला हवं आणि समेवर संपायला हवं.

हा सराव मी इतका लावून धरते त्याला कारण आहे. कोरिओग्राफरला नुसतं सुचून भागत नाही. आत्ता या क्षणी शरीराने काय केलं ते पुन्हा करता यावं लागतं. सुरुवातीला मुलींना पाच मात्रांत चांगलं काहीतरी सुचतं आणि सहाव्या मात्रेला ते विसरलेलं असतं. तिहाई ती आठवण घडवते. पाचाच्या तुकड्यात फार गर्दी करू नकोस. दोन ठळक गोष्टी पुरतात. पाय थकले तर बसून, फक्त वरच्या अंगाने कर. अर्ध्या मात्रेचे दम पुढच्या वर्षी.

"चार हातच येतात" असं तू लिहिलंस, ते मला पटत नाही. तुझ्याकडे तत्कार आहे, गतनिकास आहे, तोडे-तुकडे आहेत, चक्कर आहेत. लहानपणी भुलाबाईच्या टिपऱ्या खेळली असशील, फुगड्या घातल्या असतील, गणपतीत लेझीम धरली असेल, गॅदरिंगला हिंदी गाण्यांवर नाचली असशील. हा सगळा साठाच आहे. घाबरलं की शरीर सगळ्यात सवयीचं तेच पुढे करतं, म्हणून चार हात येतात. ते आले तर त्यांना हाकलू नकोस. त्यांच्यावरच काम कर.

ते कसं करायचं हे रुडॉल्फ लाबान या अभ्यासकाने (१८७९–१९५८) फार स्वच्छ मांडून ठेवलंय. प्रत्येक हालचालीत तो चार गोष्टी पाहतो. वजन जड की हलकं. वेळ झटक्याची की सावकाश. दिशा सरळ की वळणावळणाची. प्रवाह बांधलेला की मोकळा. एवढ्या चार किल्ल्या हातात आल्या की एका हालचालीच्या डझनभर करता येतात. तू घूंघटची गत, म्हणजे पदर धरून चालायची गत, घे. ती आपण नाजूक, हलकी, सावकाश करतो. हात, नजर, चाल सगळं तसंच धर आणि फक्त वजन बदल. तोच पदर ओल्या गोधडीइतका जड असल्यासारखा उचल. मग वजन पुन्हा हलकं कर आणि वेळ बदल: पदर झटक्यात वर. मग प्रवाह बांध, म्हणजे प्रत्येक इंचावर थांबवता येईल असा. तेवढ्यात ती बाई वेगळी होते. एकदा ती दमलेली दिसते, एकदा चिडलेली, एकदा लपून पाहणारी. तू भाव ठरवलाच नव्हतास, फक्त वजन नाहीतर वेळ बदलली होतीस, तरी भाव उगवला. कथकवाल्या मुलींना हे पटायला वेळ लागतो, कारण आपल्याला भाव आधी आणि अंग नंतर असं शिकवलेलं असतं. दोन्ही बाजूंनी जाता यायला हवं.

दुसरी वाट विल्यम फोर्सिथची. फ्रँकफर्टच्या बॅले कंपनीचा हा तेव्हाचा प्रमुख; १९९९ साली त्याने आपल्या इम्प्रोव्हायझेशनच्या पद्धती समजावणारी एक सीडी-रॉम काढली. त्याच्या अनेक युक्त्या भूमितीच्या आहेत: शरीराच्या दोन बिंदूंमध्ये रेघ आहे असं समजा, ती ओढा, वळवा, टाळून जा, हवेत अक्षरं लिहा. त्याची अक्षरं रोमन होती. तू देवनागरीत लिही. उजव्या कोपराने "अमळनेर" लिही. अ चा पोटातला वळसा, म ची गाठ, ळ ची दोन वेटोळी, ने ची मात्रा डोक्यावरून मागे, र ची तिरपी तंगडी. मग शिरोरेषा: एका दमात, डावीकडून उजवीकडे, खोलीभर चालत. नंतर हाच शब्द गुडघ्याने. मग फक्त ळ, कमरेने. प्रेक्षकाला अक्षर कळायची गरज नाही. तुझं लक्ष अक्षर पुरं करण्यात गुंतलेलं असतं, म्हणून "मी सुंदर दिसते का" हा विचार मागे पडतो, आणि सवयीचे हात आपोआप गळतात. थिजणाऱ्या मुलींना मी सगळ्यात आधी हाच सराव देते.

सुंदर दिसण्याचा विषय निघालाच आहे तर: सरावाच्या खोलीतला आरसा झाकून टाक. जुनी साडी टाक त्याच्यावर.

कामाच्या हालचाली हा आपल्याकडचा फार मोठा खजिना आहे. उदय शंकर यांनी अल्मोड्याला जे केंद्र चालवलं, तिथे १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला नृत्यशिक्षणात इम्प्रोव्हायझेशनचा तास असे. भारतात हे काही काल-परवा आलेलं खूळ नाही. तुझ्या आजूबाजूला बघ. रावेर-यावलकडे केळीचा घड खांद्यावर घेऊन ट्रककडे जाणारा माणूस बघ: एक खांदा खाली, दुसरा हात हवेत तोल सांभाळणारा, पाऊल छोटं. कापूस वेचणाऱ्या बायका बघ. अभिनय म्हणून "मी कापूस वेचते" असं दाखवायचं नाहीये, ते आपल्या लोकनृत्यांत पुष्कळ झालं. त्या हालचालीतलं वजन कुठे आहे आणि वेळ कशी जाते, तेवढंच घ्यायचं.

याचं एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन दाखवते, म्हणजे "नाच बसवायचा कसा" याचंही उत्तर मिळेल.

समज, तू कापूस वेचण्यातून सुरुवात केलीस. धर: कंबरेतून वाक, दोन हात आळीपाळीने, प्रत्येक वेळी हात पोटाजवळच्या ओटीत परत. सोड: लय आणि दिशा. संगीत नाही. मोबाइल कोपऱ्यात उभा करून व्हिडिओ चालू. पाच मिनिटं कर, थोडं थांब, पुन्हा पाच मिनिटं. त्यात बरंचसं रटाळ असेल, तसंच असायला हवं. कुठेतरी असं होईल की हात ओटीकडे येईल आणि त्याच वेळी तू दिशा बदलल्यामुळे ओटी तिथे नसेल. हात हवेत रिकामा पडेल. तू गडबडशील आणि पुढे जाशील.

व्हिडिओ लगेच बघू नकोस. लगेच बघितला की आपण स्वतःचं पोट, केस, कपडे बघतो. दुसऱ्या दिवशी बघ, आवाज बंद करून, वही घेऊन. जिथे तुझी नजर आपोआप थांबेल तिथली वेळ लिही आणि त्या हालचालीला नाव दे. नाव मराठीत, अहिराणीत, कसंही, पण तुझं: "ओटी चुकली". नाव दिलं की ती हालचाल पुन्हा बोलावता येते आणि उद्या दुसऱ्या मुलीला शिकवताही येते. देखणी जागा निवडू नकोस. देखणं तुला आधीपासूनच येत होतं. जे तू ठरवून केलंच नसतं, ते निवड. आणखी एक सूचना: फोनचा सेल्फी कॅमेरा बऱ्याचदा आरशासारखा उलटा दाखवतो. त्यावरून पाठ करायला गेलीस तर डावं-उजवं उलटं बसेल. मागचा कॅमेरा वापर.

आता "ओटी चुकली" पुन्हा कर. तीनदा, तिहाईसारखं. पहिल्यांदा खोटं वाटेल, कारण आता तुला माहीत आहे की ओटी तिथे नाही. म्हणून कारण शोध: मूळ वेळी धड आधी वळलं होतं की पाय? पाय आधी वळला असेल तर पाय आधी वळव, हाताला उशिरा कळू दे. खरेपणा तिथे सापडतो. ते पक्कं झालं की त्याच्यावर तुला शिकवलेलं सगळं वापर. ठायमध्ये (मूळ लयीत) कर, दुगुनमध्ये (दुप्पट लयीत) कर. प्रेक्षकांकडे पाठ करून कर. हाताऐवजी पायाने कर. जमिनीवर बसून कर. मग दुसरी मुलगी घे आणि ती अर्ध्या आवर्तनाने, म्हणजे तालाच्या अर्ध्या फेरीने, मागे ठेव. एकीचा हात रिकामा पडतो तेव्हा दुसरी अजून वेचते आहे. मग चार मुली, आणि एकीचा हात दुसरीच्या ओटीत जातो. इथपर्यंत आलीस की नाच कशाबद्दल आहे ते तुला कळायला लागतं. राबणं एकीचं आणि ओटी दुसरीची, हा विषय तू कागदावर लिहून सुरुवात केली असतीस तर नाच पोस्टरसारखा झाला असता. तो हातातून आला म्हणून त्यात जीव आहे.

दहा मिनिटांच्या व्हिडिओतून वीस-तीस सेकंद उरले तर पुष्कळ झालं. बाकीचं टाकताना हळहळू नकोस. पण वही टाकू नकोस. यंदा न बसलेली जागा पुढच्या नाचात बसते.

क्रम कसा लावायचा हा प्रश्न उरतो. आपण नेहमी सोपं आधी, अवघड नंतर, चक्कर शेवटी असा लावतो. ही सवय मोडायला चिठ्ठ्या वापर. मर्स कनिंगहॅम हा अमेरिकन नृत्यकार १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपासून हालचालींचा क्रम नाणं उडवून ठरवत असे. त्याने हालचाली धरल्या आणि क्रम नशिबावर सोडला. तू सहा हालचालींची नावं सहा चिठ्ठ्यांवर लिही, स्टीलच्या डब्यात टाक, एक-एक काढ आणि त्याच क्रमाने जोड. दोन ठिकाणी जोड बसणारच नाही असं वाटेल. त्या दोन जागांवर आठवडाभर काम कर. नव्या हालचाली बहुतेक तिथेच जन्मतात, कारण "ओटी चुकली" पासून "ळ" पर्यंत जायला शरीराकडे तयार रस्ता नसतो. ट्रिशा ब्राउनची १९७१ची पद्धत आणखी सोपी: पहिली हालचाल, मग पहिली-दुसरी, मग पहिली-दुसरी-तिसरी, अशी साखळी वाढवत न्यायची. एकट्या नर्तिकेला छोटा नाच बांधायला ही उत्तम.

शब्दांवरचं इम्प्रोव्हायझेशन मात्र आपल्या परंपरेइतकं खोल मी कुठे पाहिलेलं नाही. शंभू महाराज बैठकी भावासाठी प्रसिद्ध होते: बसून, ठुमरीची एक ओळ, आणि तिचे एकामागून एक अर्थ. भरतनाट्यममध्ये बालसरस्वती (१९१८–१९८४) स्वतः गात एका ओळीवर संचारी (ओळीचा अर्थ वेगवेगळ्या भावांनी उलगडणं) फुलवत जायच्या. बैठकीच्या लावणीतली अदाकारीही हेच करते. ओळ धरलेली, अर्थ सोडलेला. तू घरातली एक ओळ घे. गाणं नको, बोलण्यातली घे. तुझी आजी अहिराणीत बोलत असेल तर "नाचू दे तिले" एवढे तीन शब्द पुरेत. बसून कर, पाय बांधलेले. हे कोण म्हणतंय? सासरी म्हणणारी, माहेरी म्हणणारी, परवानगी देणारी, वैतागून सोडून देणारी, दारामागून स्वतःशीच म्हणणारी. प्रत्येक अर्थाला एकच आवर्तन. सातव्या-आठव्या अर्थाला विहीर आटते. तिथून पुढे आणखी तीन काढ. पहिले सात कुणालाही सुचतात.

संगीताबद्दल तुझ्या सरांशी माझं थोडं वेगळं मत आहे. नवख्या मुलीला हिंदी गाणं लावून इम्प्रोव्हाइज करायला सांगू नये. शब्दात "नजर" आली की हात डोळ्याकडे जातो, "दिल" आलं की छातीकडे. गाणंच नाच बसवून देतं. आधी शांततेत कर. मग लेहऱ्याच्या ॲपवर. मग एकच हालचाल तीन वेगळ्या आवाजांवर: ढोल, जात्यावरची ओवी, पंख्याची घरघर. ढोलावर जड झालेला हात ओवीवर काय करतो ते तुझ्या लक्षात येईल. गाण्याकडे सगळ्यात शेवटी ये, आणि आलीस की त्याच्या शब्दांना उत्तर द्यायची सक्ती स्वतःवर करू नकोस.

जोडीने करायचे सराव घरी एकटीला कसे जमतील? आरशाचा खेळ, म्हणजे समोरचीच्या हालचाली त्याच क्षणी करणं, हा लहान बहिणीबरोबरही होतो. वर्गात कधीतरी कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन येईल. स्टीव्ह पॅक्स्टनने १९७२ साली अमेरिकेतल्या ओबरलिन कॉलेजात ते सुरू केलं: दोन शरीरांमधला स्पर्शाचा बिंदू धरायचा आणि वजन एकमेकांवर सोडायचं. आपल्याकडच्या मुलामुलींच्या वर्गात याचा संकोच असतो आणि तो समजून घ्यायला हवा. मनगटाला मनगट लावून सुरू करा, मग पाठीला पाठ. कुणासोबत करायचं हे ज्याने-त्याने ठरवावं, आणि नको वाटलं तर तिथल्या तिथे थांबायचा हक्क प्रत्येकाला आहे. शिक्षकाने हे आधी सांगितलं नाही तर तू विचार. एकटी असशील तर भिंत वापर. खांदा, पाठ, तळवा, गुडघा, एकेका जागेने भिंतीवर वजन टाक आणि एक तरी बिंदू सतत चिकटलेला ठेवून खोलीची एक बाजू पार कर. वजन देणं म्हणजे काय ते भिंत चोख शिकवते.

शरीराचं थोडक्यात. आपल्याकडे घरी फरशीच असते, शहाबादी नाहीतर टाइल्स. तिच्यावर पडायचे, गुडघ्यावर उतरायचे सराव करू नकोस. सतरंजी टाकली तर ती सरकते, त्याने जास्त लागतं. जाड मॅट मिळेपर्यंत जमिनीवरचं काम बसून आणि लोळून, तेही सावकाश. इम्प्रोव्हायझेशनमध्ये अंग कुठे वळेल हे आधी माहीत नसतं, म्हणून मान, कंबर आणि घोटे ठरलेल्या नाचापेक्षा जास्त मोकळे करून घ्यावे लागतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्या दिवसांत सराव सूर्य वर यायच्या आत उरक आणि दुपारी फक्त व्हिडिओ बघ, वही लिही.

वर्गातल्या बाकीच्यांना पटापट सुचतं म्हणतेस. त्यांचे व्हिडिओ आवाज बंद करून बघशील तर त्यातल्या बऱ्याच जणांचेही चार-पाच हातच फिरून फिरून येताना दिसतील, फक्त वेगाने. वेग हा सुचण्याचा पुरावा धरू नकोस. थिजलीस तर थिजलेली उभी राहा. मनात ताल चालू ठेव, सम येऊ दे, तेवढ्या वेळात वजन कुठल्या पायावर आहे ते बघ, आणि समेला त्याच पायावरून नीघ. थांबणं प्रेक्षकाला चालतं. थांबल्यावर चेहऱ्यावर येणारी माफी त्याला खटकते.

शेवटी रंगमंचाचं. आपल्या विद्यापीठाच्या युवारंग या युवक महोत्सवात किंवा इतर कुठल्या स्पर्धेत वेळ मोजलेली असते आणि ट्रॅक आधीच रेकॉर्ड केलेला. तिथे पूर्ण नाच मोकळा सोडणं पहिल्या-दुसऱ्या वर्षात करू नकोस. बसवलेल्या नाचात एक खिडकी ठेव: चार आवर्तनं, एकाच मुलीसाठी, बाकीच्यांचं काम पक्कं. ती खिडकी सुरुवातीला नको, कारण तेव्हा तिची धडधड जास्त असते. मध्याच्या पुढे ठेव. तिने त्या चार आवर्तनांत काय धरायचं ते तालमीत ठरवून दे, उदाहरणार्थ एक पाय जागेवरून हलणार नाही, आणि प्रत्येक तालमीत तिला वेगळं करायला लाव, म्हणजे चुकून तेही पाठ होणार नाही. बाकीच्या मुलींनी तिच्या हालचालीवर नजर ठेवून परत यायचं नाही, मात्रा मोजून यायचं. आणि खिडकी बंद करणारी तिहाई सगळ्यांनी मिळून बसवलेली, घोटलेली ठेव, म्हणजे आत काहीही झालं तरी समेवर सगळ्या एकत्र असतील. तबलजी प्रत्यक्ष साथीला असेल तर त्याला ही जागा आधी दाखव आणि कुठल्या मात्रेपासून तिहाई उठणार ते त्याच्याकडून वाजवून घे.